स्लॉट मशीन व जॅकपॉट फलक यांमधील केबल-जोडण्यांचे दोषशोधन : एक तांत्रिक विवेचन

गोषवारा

कॅसिनोतील स्लॉट मशीनच्या रांगेवर झळकणारा जॅकपॉटचा आकडा ही खेळणाऱ्यास जाहीरपणे सांगितलेली देय रक्कम असते. हा आकडा मशीन, नियंत्रक व फलक अशा तीन ठिकाणी असतो आणि ही तिन्ही ठिकाणे केबलने परस्परांशी जोडलेली असतात. प्रस्तुत लेखात या जोडण्यांची रचना, त्यांत उद्भवणाऱ्या दोषांचे प्रकार आणि दोष शोधण्याची क्रमबद्ध पद्धती यांचे विवेचन केले आहे. तिन्ही ठिकाणच्या आकड्यांची तुलना ही दोषशोधनाची पहिली पायरी होय. तसेच पूर्णपणे बंद पडलेल्या फलकापेक्षा चालू असूनही चुकीचा आकडा दाखविणारा फलक अधिक हानिकारक असतो, असे प्रतिपादन या लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : स्लॉट मशीन, वाढता जॅकपॉट, क्रमिक संदेशवहन, आरएस-२३२, आरएस-४८५, रोधमापन, दोषशोधन.

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे चार्ल्स फे याने तयार केलेले 'लिबर्टी बेल' हे यंत्र आधुनिक स्लॉट मशीनचे पूर्वरूप मानले जाते. ते यंत्र पूर्णतः यांत्रिक होते व स्वतंत्रपणे चालत असे. पुढे या यंत्रांत विद्युत-यांत्रिक भाग आले. १९८४ मध्ये इंगे टेलनेस यांना मिळालेल्या अमेरिकन पेटंटमुळे चक्रे कोठे थांबावीत हे यादृच्छिक संख्येच्या आधारे संगणकाने ठरविण्याचा मार्ग मोकळा झाला. १९८६ मध्ये 'मेगाबक्स' ही योजना नेव्हाडा राज्यात सुरू झाली. तीत निरनिराळ्या कॅसिनोंतील मशीन दूरध्वनी वाहिन्यांनी जोडून सर्वांचा मिळून एकच जॅकपॉट ठेवण्यात आला. याच योजनेतून मार्च २००३ मध्ये लास व्हेगास येथील एक्सकॅलिबर या कॅसिनोत सुमारे ३ कोटी ९७ लाख डॉलरचा जॅकपॉट लागला. यंत्रे परस्परांशी जोडली गेली नसती, तर एवढी रक्कम एका यंत्रावर साठणे शक्य झाले नसते.

भारतात हा विषय प्रामुख्याने गोव्याशी निगडित आहे. १९७६ च्या गोवा, दमण व दीव सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीन ठेवण्यास परवानगी देण्यात आली, तर १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरील खेळांचा मार्ग खुला केला. पणजी येथे मांडवी नदीत उभी असलेली कॅसिनो जहाजे ही त्याचीच परिणती होय. महाराष्ट्रात मात्र १९७६ मध्ये संमत झालेला कॅसिनोविषयक कायदा कधीही अंमलात आला नाही व २०२३ मध्ये तो रद्द करण्यात आला.

जुगाराच्या इष्टानिष्टतेची चर्चा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. तथापि जेथे कायद्याने हा व्यवसाय चालतो, तेथे लोकांसमोर मांडलेला आकडा खरा असला पाहिजे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. इलेक्ट्रॉनिक्स विषयाच्या विद्यार्थ्यांना या क्षेत्रात देखभालीचे काम करावे लागणे शक्य आहे. याशिवाय येथे सांगितलेली तत्त्वे रेल्वे स्थानकावरील दर्शक फलक, पेट्रोल पंपावरील मापक किंवा कारखान्यातील मोजणी यंत्रणा यांनाही तितकीच लागू पडतात. म्हणून या विषयाचे पद्धतशीर विवेचन उपयुक्त ठरेल असे वाटते.

यंत्रणेची रचना

वाढत्या जॅकपॉटची यंत्रणा तीन घटकांची बनलेली असते. पहिला घटक म्हणजे एका रांगेतील स्लॉट मशीन. प्रत्येक डावाला लावलेल्या रकमेचा एक ठरावीक अल्पांश जॅकपॉटमध्ये जमा होतो. दुसरा घटक म्हणजे नियंत्रक. तो सर्व मशीनकडून किती रक्कम लावली गेली याची माहिती घेतो, तिचा ठरलेला अंश काढून बेरीज करतो आणि ती बेरीज आपल्या स्मृतीत जतन करतो. तिसरा घटक म्हणजे रांगेच्या वर बसविलेला फलक. तो नियंत्रकाकडून येणारा आकडा केवळ दाखवितो. स्वतः कोणतीही बेरीज करीत नाही. अनेक मशीनच्या पडद्यावरही हाच आकडा दिसतो आणि तोही नियंत्रकाकडूनच आलेला असतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते की, मूळ आकडा नियंत्रकात असतो व फलकावरील आकडा ही त्याची प्रत असते. दोषशोधन करताना हा भेद सतत ध्यानात ठेवावा लागतो.

या घटकांना जोडणाऱ्या केबलवरून माहिती पाठविण्याचे पुढील प्रकार आढळतात.

१) स्पंद-जोडणी : जुन्या मशीनमध्ये नाणे किंवा डाव मोजणाऱ्या मापकाच्या तारेवरूनच नियंत्रकास स्पंद दिला जातो. एक स्पंद म्हणजे एक एकक रक्कम.

२) आरएस-२३२ : दोन उपकरणांमधील अल्प अंतराची जोडणी. प्रक्षेपक ५ ते १५ व्होल्ट, धन किंवा ऋण, असा संकेत देतो व ग्राहक ३ व्होल्टच्या पलीकडील संकेत ओळखतो. पूर्वीच्या मानकानुसार केबलची लांबी सुमारे १५ मीटरपर्यंत मर्यादित ठेवली जात असे.

३) आरएस-४८५ : पिळलेल्या दोन तारांमधील विभवांतरावर आधारलेली जोडणी. एकाच जोडीवर ३२ प्रमाणित भार बसविता येतात आणि कमी वेगाला सुमारे १२०० मीटरपर्यंत संदेश पोहोचतो. मोठ्या रांगांसाठी ही जोडणी सोयीची असते.

४) धारा-वलय : २० मिलिअँपिअर धारेच्या असण्या-नसण्यावरून संदेश वाहून नेणारी जोडणी.

५) प्रकाशतंतू व इथरनेट : प्रकाशतंतूमुळे दोन उपकरणांत विद्युत संपर्क राहत नाही. अलीकडच्या यंत्रणांत इथरनेटचा वापर वाढला असून तांब्याच्या केबलचा एक टप्पा १०० मीटरपेक्षा अधिक असू नये असा नियम आहे.

मशीन व मध्यवर्ती यंत्रणा यांच्यातील संवादासाठी आयजीटी या कंपनीने विकसित केलेला एसएएस हा प्रोटोकॉल दीर्घकाळ प्रचलित आहे. त्यात १९,२०० बिट प्रतिसेकंद या वेगाने माहिती जाते व प्रत्येक अक्षरासाठी ११ बिट लागतात. म्हणजे एका अक्षरास सुमारे ०.५७ मिलिसेकंद इतका काळ लागतो. या ११ बिटांपैकी एक बिट संदेशाचा प्रारंभ ओळखण्यासाठी राखलेला असतो. त्यामुळे सर्वसाधारण ८ बिटांच्या मांडणीवर ठेवलेला लॅपटॉप या तारांवर जोडल्यास पडद्यावर निरर्थक अक्षरे व चौकटीच्या चुका दिसतात. यावरून केबल सदोष आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. केबल निर्दोष असतानाही असेच दिसणार.

चुकीच्या आकड्याचे गांभीर्य

पडद्यावर दिसलेला आकडा आणि प्रत्यक्ष देय रक्कम यांत तफावत पडली तर काय होते, हे अमेरिकेतील दोन प्रकरणांवरून समजते. २०११ मध्ये आयोवा राज्यातील वॉटर्लू येथील कॅसिनोत एका वृद्ध महिलेच्या मशीनवर ४,१७,९७,५५०.१६ डॉलरचे अतिरिक्त बक्षीस मिळाल्याचा संदेश झळकला. खेळाच्या नियमानुसार तिची त्या डावातील जिंकलेली रक्कम केवळ १.८५ डॉलर होती. प्रकरण आयोवा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. खेळाच्या जाहीर नियमांत असे कोणतेही अतिरिक्त बक्षीस नव्हते, या आधारावर न्यायालयाने २०१५ मध्ये कॅसिनोच्या बाजूने निर्णय दिला.

ऑगस्ट २०१६ मध्ये न्यूयॉर्क येथील एका कॅसिनोत मशीनच्या पडद्यावर ४,२९,४९,६७२.७६ डॉलर असा आकडा दिसला. तेथील नियामक आयोगाने तो यंत्रातील बिघाड ठरविला आणि प्रत्यक्ष जिंकलेली रक्कम २.२५ डॉलर असल्याचे सांगण्यात आले. संगणकशास्त्राच्या अभ्यासकास या आकड्यात एक लक्षणीय गोष्ट दिसेल. ३२ बिटांत मावणाऱ्या संख्यांची मर्यादा, म्हणजे २ चा ३२ वा घात, ४,२९,४९,६७,२९६ इतकी आहे. तेवढे सेंट म्हणजे ४,२९,४९,६७२.९६ डॉलर. पडद्यावरील आकडा त्यापेक्षा नेमका २० सेंटने कमी होता.

ही दोन्ही प्रकरणे केबलदोषाची उदाहरणे म्हणून येथे दिलेली नाहीत. पडद्यावर आलेला आकडा आपोआप खरा ठरत नाही आणि तो खोटा ठरल्यास सामान्य माणसाच्या पदरी केवळ निराशा व न्यायालयाची पायरी येते, एवढेच त्यांवरून दाखवावयाचे आहे. वाढत्या जॅकपॉटच्या बाबतीत तर फलकावरील आकडा पाहूनच माणूस खेळावयास बसतो. त्यामुळे त्या आकड्याची वाट ज्या केबलमधून जाते, तिची देखभाल ही खेळणाऱ्याच्या हिताशी निगडित बाब ठरते.

दोषांचे वर्गीकरण

फलकावरील परिणामानुसार केबलदोषांचे तीन वर्ग करता येतात.

पहिला वर्ग : फलक पूर्ण बंद. कोणताही आकडा दिसत नाही. दोष उघड असल्याने तो लगेच कळतो व खेळणाऱ्याची फसगत होत नाही.

दुसरा वर्ग : आकडा गोठलेला. फलक उजळलेला असतो, पण आकडा वाढत नाही. संदेश येणे थांबल्यावरही फलक शेवटचा आकडा धरून ठेवतो. वर्दळीच्या वेळी हा दोष काही मिनिटांत लक्षात येतो, मात्र शांत वेळी तो तासन्‌तास दडून राहू शकतो.

तिसरा वर्ग : आकडा वाढत असतो, पण चुकीचा असतो. रांगेतील एका मशीनचे स्पंद नियंत्रकापर्यंत पोहोचत नसतील, तर उरलेल्या मशीनमुळे आकडा वाढतच राहतो आणि पाहणाऱ्यास काहीही वावगे दिसत नाही. हाच वर्ग सर्वाधिक हानिकारक होय.

तिसऱ्या वर्गाचे गांभीर्य एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एका रांगेत १२ मशीन आहेत, प्रत्येकावर मिनिटाला ८ डाव होतात, प्रत्येक डावास १० रुपये लावले जातात आणि त्यांतील १ टक्का जॅकपॉटमध्ये जातो, असे समजू. मिनिटाला एकूण ९६० रुपये लावले जातात व जॅकपॉट ९.६० रुपयांनी, म्हणजे तासाला ५७६ रुपयांनी वाढतो. एका मशीनची स्पंद-तार तुटली तर तासाला ४८ रुपये जमा होत नाहीत. दिवसाचे १० तास धरल्यास ४८० रुपये व महिन्याचे १४,४०० रुपये होतात. ही रक्कम खेळणाऱ्यांनी दिलेली असते. परंतु ज्याला जॅकपॉट लागेल त्याला ती मिळणार नाही. आकडा मात्र दररोज वाढताना दिसतो, त्यामुळे तक्रार करण्याचे कारण कोणासही सापडत नाही.

याच्या उलट प्रकारही घडतो. सैल जोडणीमुळे एका स्पंदाचे दोन किंवा तीन तुकडे झाल्यास नियंत्रक ते वेगळे स्पंद समजतो आणि जॅकपॉट वाजवीपेक्षा अधिक वेगाने वाढू लागतो.

पहिली पायरी : तीन आकड्यांची तुलना

दोष दिसताच केबल हलवून पाहण्याचा मोह होतो. परंतु सैल जोडणी हलविल्याने दोष तात्पुरता नाहीसा होतो व त्याचे स्थान कायमचे हरवते. म्हणून कशालाही हात लावण्यापूर्वी मशीनच्या पडद्यावरील, नियंत्रकाच्या स्मृतीतील आणि फलकावरील असे तिन्ही आकडे वेळेसह लिहून घ्यावेत. या नोंदीवर पर्यवेक्षकाची स्वाक्षरी असावी. नियंत्रकाचा वीजपुरवठा ही नोंद होईपर्यंत बंद करू नये.

या तीन आकड्यांवरून पुढीलप्रमाणे अनुमान काढता येते.

अ) नियंत्रक व सर्व मशीन यांचे आकडे जुळतात, फलकाचा जुळत नाही : दोष नियंत्रक ते फलक या मार्गात आहे.

आ) एकाच मशीनचा आकडा वेगळा आहे : दोष त्या मशीनच्या शाखेत, कनेक्टरमध्ये किंवा त्या मशीनमध्येच आहे.

इ) एका ठिकाणापासून पुढील सर्व मशीनचे आकडे वेगळे आहेत : मुख्य केबल त्या ठिकाणी खंडित झाली आहे.

ई) सर्वत्र आकडा गोठला आहे : नियंत्रक, त्याचा वीजपुरवठा किंवा त्याला लागून असलेली पहिली जोडणी तपासावी.

उ) तिन्ही आकडे जुळतात, पण हिशेबाशी जुळत नाहीत : मशीनकडून नियंत्रकाकडे येणाऱ्या मोजणीत दोष आहे.

यांपैकी शेवटचे अनुमान केवळ निरीक्षणाने काढता येत नाही. त्यासाठी हिशेब मांडावा लागतो. दोन नोंदींच्या दरम्यान प्रत्येक मशीनच्या अंतर्गत मापकानुसार लावल्या गेलेल्या रकमांची बेरीज करावी व तिला ठरलेल्या टक्केवारीने गुणावे. या काळात जॅकपॉट लागला नसेल, तर येणारे उत्तर जॅकपॉटच्या वाढीइतके असले पाहिजे. तफावत एकूण वाढीच्या सुमारे बाराव्या भागाइतकी असेल आणि रांगेत १२ मशीन सारख्याच प्रमाणात चालत असतील, तर एका मशीनची मोजणी पूर्णतः गळत आहे असे समजावे. हा पडताळा नियमितपणे घेतला, तर तिसऱ्या वर्गातील दोष उघडकीस येतो.

दुसरी पायरी : मापन

दोषाचा मार्ग निश्चित झाल्यावर त्या मार्गाचे मापन करावे. साधा मल्टीमीटर यासाठी बहुतांशी पुरेसा असतो.

आरएस-२३२ जोडणी : नऊ पिनांच्या संगणक-बाजूच्या कनेक्टरवर पिन ३ वरून संदेश बाहेर जातो, पिन २ वरून आत येतो व पिन ५ ही सामाईक तार असते. संदेश जात नसताना प्रक्षेपकाची तार ऋण विभवावर असते. म्हणून केबल काढून पिन ५ च्या सापेक्ष पिन ३ वर ऋण ५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक ऋण मूल्य मिळाले पाहिजे. केबलच्या दुसऱ्या टोकाकडून येणाऱ्या तारेवरही, म्हणजे जी पिन २ ला जोडावयाची आहे तीवर, असेच मूल्य अपेक्षित आहे. तेथे शून्याच्या आसपास मूल्य आल्यास तार तुटली आहे किंवा दुसऱ्या बाजूचा प्रक्षेपक बंद आहे. केबल बदलताना सरळ व उलट-सुलट जोडलेली केबल यांत गल्लत झाल्यास दोन्ही प्रक्षेपक एकाच तारेवर येतात. २५ पिनांच्या कनेक्टरवर पिन २ व ३ यांची कामे नऊ पिनांच्या कनेक्टरच्या उलट असतात, हेही विसरू नये.

आरएस-४८५ जोडणी : या जोडणीत केबल एका मशीनकडून दुसऱ्याकडे साखळीप्रमाणे गेली पाहिजे आणि केवळ दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोध, म्हणजे टर्मिनेटर, असला पाहिजे. सर्व उपकरणांचा वीजपुरवठा बंद करून दोन तारांमधील रोध मोजल्यास दोन्ही टर्मिनेटर समांतर येतात व सुमारे ६० ओहम मूल्य मिळते. या एका मापनातून बरीच माहिती हाती येते. १२० ओहम आल्यास एक टर्मिनेटर नाही किंवा मध्ये केबल तुटली आहे. ४० ओहम आल्यास तिसरा टर्मिनेटर कोठेतरी जोडलेला आहे. शून्याजवळचे मूल्य म्हणजे तारा परस्परांस चिकटल्या आहेत.

मशीनमध्ये टर्मिनेटर निवडण्याची कळ अंगभूत असल्यास ती सर्वच मशीनमध्ये चालू राहून जाण्याची शक्यता असते. १२ मशीनमध्ये असे झाले तर एकत्रित रोध १२० भागिले १२, म्हणजे केवळ १० ओहम होतो. आरएस-४८५ चा प्रक्षेपक ५४ ओहमच्या भारावर किमान १.५ व्होल्ट देईल अशा हिशेबाने बनविलेला असतो. १० ओहमवर त्याला पुरेसे विभवांतर निर्माण करता येत नाही. ग्राहकास किमान ०.२ व्होल्ट आवश्यक असल्याने जवळची मशीन कशीबशी चालतात आणि दूरची अधूनमधून गप्प होतात. अशा वेळी केबल बदलून काहीही उपयोग होत नाही.

याउलट टर्मिनेटर नसल्याचा परिणाम वाजवीपेक्षा अधिक मानला जातो. ६० मीटर केबलमधून संकेत जावयास सुमारे ०.३ मायक्रोसेकंद लागतात, तर १९,२०० बिट प्रतिसेकंद वेगाला एका बिटाचा काळ सुमारे ५२ मायक्रोसेकंद असतो. टोकावरून परावर्तित झालेला संकेत बिट संपण्याच्या कितीतरी आधी विरून जातो. म्हणून लहान रांगेत व कमी वेगाला केवळ टर्मिनेटर नाही, यामुळे संपूर्ण जोडणी बंद पडली असण्याची शक्यता कमी असते. अन्य कारण शोधावे.

'ए' व 'बी' या तारांची अदलाबदल हाही नेहमीचा दोष होय. ही अक्षरे सर्व उत्पादक एकाच अर्थाने वापरीत नाहीत. त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांची उपकरणे जोडताना अक्षरांवर विसंबून न राहता शांत अवस्थेतील विभवांतराचे चिन्ह मोजून खात्री करावी.

मध्येच तुटलेल्या केबलचे स्थान शोधण्यासाठी द्विभाजन पद्धती वापरावी. रांगेच्या मध्यावरील मशीनजवळ कनेक्टर उघडून दोन्ही दिशांना रोध मोजावा. ज्या बाजूस १२० ओहम मिळतात ती बाजू निर्दोष. ज्या बाजूस फार मोठे मूल्य मिळते त्या बाजूस केबल तुटलेली आहे. सदोष अर्ध्या भागाचे पुन्हा दोन भाग करावेत. १२ मशीनच्या रांगेत या रीतीने चार मापनांत दोषाचे स्थान सापडते.

धारा-वलय : येथे सर्व उपकरणे एकसर जोडलेली असल्याने एक जोडणी तुटली की संपूर्ण वलय बंद पडते. मल्टीमीटर एकसर जोडून २० मिलिअँपिअर धारा वाहते किंवा नाही ते पाहावे.

प्रकाशतंतू : तीव्र वळण, टोकावरील धूळ व अर्धवट बसलेला कनेक्टर ही मुख्य कारणे होत. प्लॅस्टिकच्या तंतूत तांबडा दृश्य प्रकाश वापरला असल्यास तो तंतूच्या टोकासमोर पांढरा कागद धरून तपासता येतो. काचेच्या तंतूतील अवरक्त प्रकाश डोळ्यांस दिसत नाही व तो अपायकारक ठरू शकतो. म्हणून अशा तंतूच्या टोकाकडे कधीही पाहू नये.

इथरनेट : आठही तारांची अखंडता असूनही जोड्यांची निवड चुकली, म्हणजे एका जोडीतील दोन तारा वेगवेगळ्या पिळांतून घेतल्या गेल्या, तर संदेशात चुका होतात. मल्टीमीटर अशा केबलला निर्दोष ठरवितो. त्यासाठी जोड्या ओळखणारे चाचणी यंत्र वापरावे.

पर्यावरण व अर्थिंग

वर वर्णिलेले दोष एकदा आले की कायम राहतात, म्हणून ते सापडतात. अधूनमधून प्रकट होणारे दोष अधिक त्रासदायक असतात व त्यांचे मूळ बहुधा कनेक्टरमध्ये असते. गोव्यासारख्या किनारी प्रदेशात पावसाळ्यातील दमट व खारट हवेमुळे धातूच्या पृष्ठभागावर थर जमतो. मशीनच्या व जहाजाच्या सूक्ष्म कंपनांनी पिना परस्परांवर घासल्या जातात आणि संपर्काचा रोध वाढतो. कथिलाचा मुलामा असलेल्या पिना सोन्याच्या मुलाम्याच्या पिनांशी जोडल्यास ही झीज अधिक वेगाने होते. म्हणून दोन्ही बाजूंचा मुलामा सारखाच असावा.

आरएस-४८५ ही जोडणी सामाईक विभवातील फरक ऋण ७ ते धन १२ व्होल्टपर्यंत सहन करते. रांगेचे दोन भाग वेगवेगळ्या वीजमंडलांवर असतील व अर्थिंग सदोष असेल, तर हा फरक मर्यादेबाहेर जाऊ शकतो. वातानुकूलन यंत्र सुरू होताच जॅकपॉटचा आकडा अडखळत असेल, तर प्रथम अर्थिंगकडे पाहावे. केबलचे शील्ड एकाच टोकास जोडावे. दोन्ही टोकांस जोडल्यास अर्थिंगमधील धारा त्यातून वाहू लागते. संदेशवाहक केबल २३० व्होल्टच्या वीजतारांसोबत एकाच नळीतून नेऊ नये.

तिसरी पायरी : दुरुस्ती व पडताळा

दुरुस्ती करताना एका वेळी एकच बदल करावा. केबल, कनेक्टर व मशीनमधील मांडणी एकदमच बदलल्यास दोष कशामुळे गेला हे कळत नाही व तो पुन्हा आल्यास सर्व काम पहिल्यापासून करावे लागते. मशीनचे दार उघडण्यापूर्वी त्यातील वीजपुरवठ्याचा धोका लक्षात घ्यावा आणि अंगावरील स्थितिक विद्युत भार काढून टाकावा.

आकडा पुन्हा दिसू लागला म्हणजे दुरुस्ती पूर्ण झाली असे मानता येत नाही. प्रत्येक मशीनवर एक ज्ञात रक्कम लावून नियंत्रकातील वाढ अपेक्षेप्रमाणे होते किंवा नाही, हे एकेका मशीनसाठी स्वतंत्रपणे तपासावे. एकटा तंत्रज्ञ ही चाचणी करीत असल्यास चाचणीची रक्कम हिशेबातून वेगळी दाखविण्याची व्यवस्था असावी. अखेरीस दुरुस्तीपूर्वीचे तिन्ही आकडे व दुरुस्तीनंतरचे तिन्ही आकडे शेजारी शेजारी नोंदवावेत. दोषाच्या काळात जी रक्कम जॅकपॉटमध्ये जमा व्हावयास हवी होती, ती मशीनच्या मापकांवरून काढून जॅकपॉटमध्ये मिळविण्यासाठी सक्षम अधिकाऱ्यापुढे ठेवावी. तंत्रज्ञाने स्वतःच्या अखत्यारीत आकडा वाढवू किंवा कमी करू नये.

निष्कर्ष

१) फलकावरील आकडा ही प्रत असून मूळ आकडा नियंत्रकात असतो. म्हणून दोषशोधनाचा प्रारंभ मशीन, नियंत्रक व फलक येथील आकड्यांच्या तुलनेने करावा.

२) केबलची अखंडता म्हणजे जोडणीची निर्दोषता नव्हे. अतिरिक्त टर्मिनेटर, अदलाबदल झालेल्या तारा व चुकीच्या जोड्या हे दोष अखंड केबलमध्येही असतात.

३) आरएस-४८५ जोडणीत वीज बंद करून केलेले एक रोधमापन व त्यानंतरची द्विभाजन पद्धती यांमुळे वेळेची मोठी बचत होते.

४) आकडा वाढत असतानाही मोजणीची गळती होऊ शकते. ती केवळ हिशेबाच्या नियमित पडताळ्यानेच उघड होते.

तंत्रशिक्षणात केबल व कनेक्टर या विषयास सहसा दुय्यम स्थान दिले जाते. मंडलांचे सिद्धान्त शिकविले जातात, परंतु ६० ऐवजी ४० ओहम आले तर काय समजावे, हे विद्यार्थ्यास नोकरीच्या ठिकाणीच प्रथम उमगते. प्रयोगशाळेत चार-पाच उपकरणांची एक लहान साखळी उभारून तीत जाणीवपूर्वक दोष निर्माण करणे व ते विद्यार्थ्यांकडून शोधवून घेणे अल्प खर्चात शक्य आहे. त्या प्रयोगात दोष सापडल्यानंतर हिशेबाचा पडताळाही विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा. गळालेल्या स्पंदामागे कोणाची तरी रक्कम असते, ही जाणीव त्यांना त्यातून मिळेल.